डुगडुगत्या फरशीवरची गोपद्मं

ओलं फडकं एकदा फिरवलं, पुन्हा जोर लावून फिरवलं, आणि माझ्या लक्षात आलं की कालची गोपद्मं जागची हलायला तयार नाहीत.

ज्यांच्या घरी हे व्रत नाही त्यांच्यासाठी सांगते. चातुर्मासात रोज देवापुढे, गोठ्यात किंवा तुळशीपाशी रांगोळीनं गाईची तेहेतीस पावलं काढायची, हळदकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा. पाच वर्षं असं करून पाचव्या वर्षी उद्यापन. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या सासूबाईंनी जाता जाता ह्या सोप्या व्रताला कुलपं घालून ठेवली. पहिल्या दिवशी धरलेली जागा चार महिने बदलायची नाही. कालची पावलं आपल्या हातानं काढून टाकल्याशिवाय आजची काढायची नाहीत, कारण पावलावर पाऊल पडलं की एक गाय दुसरीला तुडवते. आणि आजची काढून होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. दिवस मावळेपर्यंत झालं नाही तर व्रत मोडलं, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. कहाणीत तर व्रत न करणाऱ्याच्या पाठीचं कातडं काढून वाद्याला लावायला निघतात. तेवढं इथं जालन्यात कुणी करणार नाही, पण माझं हे पाचवं वर्ष होतं, आणि आणखी पाच वर्षांचा विषय माझ्या गुडघ्यांपुढे काढायची माझी हिंमत नव्हती.

जागा आमच्या दारासमोरची, जिन्याच्या कडेची. तुळस गॅलरीत असायला हवी हे मलाही कळतं. पण गॅलरीत पाण्याचे ड्रम आहेत. ड्रम का आहेत हे जालन्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून तुळस दाराबाहेर, आणि तुळशीपुढे एक शहाबादी फरशी, जी आम्ही इथं राहायला आलो तेव्हापासून डुगडुगते. आमच्या अपार्टमेंटचे चेअरमन रामराव, वीज खात्यातून निवृत्त झालेले, यांच्याकडे मी त्या फरशीची तक्रार कितीदा केली असेल. ते म्हणत, बघून राह्यलो. पुढं मीच विचार केला की ही फरशी डुगडुगते म्हणून तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही, आणि जिथं कुणी पाय ठेवत नाही तीच जागा गाईला बरी.

तर कालची गोपद्मं. खरं तर काल मी जरा फुशारले होते. दमट हवेनं जुनी रांगोळी गोळे धरायला लागली म्हणून देवघराखालच्या कपाटातला राखीव डबा काढला होता. फरशी ओल्या फडक्यानं पुसली, आणि त्या ओलीवरच चिमूट सोडली, तर काय सांगू, रेघ अशी सुटली की जणू बोटातून दूध येतंय. पांढरी कशी, मोगऱ्यासारखी. एकेक खूर उठून दिसत होता. राधेश्याम किराणावाल्यानं ह्या वेळी माल चांगला दिला असं मी मनातल्या मनात म्हटलं होतं. कुणाचं कौतुक मनातल्या मनात केलं तरी ते बाधतं, हे आता कळलं.

नखानं खरवडून बघितलं. नख गेलं, खूर राहिला.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या गोजरबाई दुधाची पिशवी घेऊन जिन्यानं चढत आल्या. गोजरबाई म्हणजे आमच्या अपार्टमेंटचं आकाशवाणी केंद्र, फक्त ह्या केंद्रावर गाणी लागत नाहीत. त्यांनी वाकून बघितलं, माझ्या हातातलं फडकं बघितलं, आणि दोन पायऱ्या मागे सरल्या.

"रमाबाई, हे कोणी करून ठेवलं?"

मी म्हटलं, मीच काढलीत, रोज काढते तशी. त्या म्हणाल्या, तुम्ही काढलेली रोज जातात, मग आजच कशी राहिली? पांढरी पावलं, दारासमोर, पुसता न पुसणारी. त्यांच्या माहेरी वाटूरला एका घरासमोर असाच पांढरा ठिपका राहिला होता, आणि त्या घरातल्या म्हशीनं महिनाभर दूध दिलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे म्हैस नाही. त्या म्हणाल्या, भालचंद्रराव तर आहेत.

भालचंद्रराव म्हणजे आमचे हे. बँकेतून निवृत्त. ह्यांच्यावर काय परिणाम होईल याचा मी विचार करत होते तोवर गोजरबाईंनी आवाज खाली आणला आणि समोरच्या बंद दाराकडे भुवई उडवली. समोर ज्योत्स्ना आणि संघपाल राहतात. ती वाटूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, तो एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात फोरमन आहे. गोजरबाई म्हणाल्या, ती माणसं काही मानत न्हाईत ना. मी म्हटलं, आपलं पाणी संपलं की त्यांच्या ड्रममधलं आपण सगळ्या नेतो, तेव्हा ते चालतं की. गोजरबाईंना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. माझा आवाजच असा आहे की अर्धं बोलणं माझ्यापाशीच राहतं.

पण संशय ही गोष्ट सांडशीसारखी असते. एकदा हातात आली की काहीतरी पकडल्याशिवाय खाली ठेववत नाही. माझाही संशय एव्हाना जागा झाला होता, फक्त तो करणीवर नव्हता, राधेश्यामवर होता. रांगोळीत त्यानं काहीतरी मिसळलं असणार. हे आतून चहाचा कप घेऊन बाहेर आले, बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या बाजूनं झाले. हल्ली लोक देवाधर्माच्या वस्तूतही भेसळ करतात म्हणाले. राधेश्यामला सोडू नकोस म्हणाले. कुठं तक्रार करायची तेही सांगायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझी बाजू इतक्या वेगानं कधी घेतली नव्हती. मी ते तेव्हा प्रेम समजले.

तोवर गोजरबाई वर जाऊन संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं, करणी असो की भेसळ, ह्यापुढं काही टिकत न्हाई. मला अजिबात मनातून नव्हतं. गाईच्या पावलांवर संडासचं ॲसिड. पण उपाशी माणसाच्या बोलण्याला वजन नसतं, आणि माझ्या बोलण्याला तर पोट भरलेलं असतानाही नसतं. मी तुळस उचलून आत ठेवली आणि गोजरबाईंनी बाटली कलती केली.

फरशीनं फस्स असा आवाज केला आणि पांढरा फेस वर आला.

"बघा," गोजरबाई म्हणाल्या, "बघा, कसं फसफसून राह्यलंय. साधी रांगोळी असती तर बोलली असती का?"

आणि त्यांनी अर्धी बाटली आणखी ओतली. फेस उठला, ठसका लागला, जिनाभर वास सुटला. दोन मजल्यांची दारं उघडली. हे नाकाला रुमाल लावून "फार झालं, फार झालं" म्हणत होते, पण फार कळकळीनं, जणू त्यांच्याच अंगावर ओततायत. मी दोन बादल्या पाणी ओतलं. फेस खाली बसला. आणि मग जे दिसलं त्यानं गोजरबाईंचीही वाचा गेली.

पावलं तशीच होती. खचली होती ती फरशी. ॲसिडनं आजूबाजूचा दगड खाऊन टाकला होता आणि खूर न् खूर तेवढा उंच राहिला होता, देवळाच्या खांबावरचं कोरीवकाम असतं तसा. मी पुसायला गेले आणि तेहेतीस पावलं फरशीवर कोरून बसली.

रामराव आले ते पायजम्यावर, पण चेअरमन होऊनच आले. त्यांनी वाकून एका खुरावर बोट फिरवलं आणि विचारलं की हे कधी बसवलं. मी सांगितलं की बसवलेलं नाही, बसलंय. रामरावांना हा फरक पटला नाही. त्यांच्या मते सामाईक जागेत कायमचं धार्मिक बांधकाम सुरू झालं होतं आणि सुरुवात नेहमी अशीच होते.

"भालचंद्रराव, मी पहिलेच सांगून राह्यलो," ते म्हणाले, "आज पावलं आली. उद्या गाय यील. परवा गोठ्याची परवानगी मागसाल."

हे म्हणाले, रामराव, चूक भेसळीची आहे, आम्ही तक्रार करतोय. रामराव म्हणाले, तक्रार करा बिलकुल, पण संध्याकाळच्या आत ही फरशी पहिल्यासारखी दिसली पाहिजे, नाहीतर तुळस, पावलं आणि पायपुसणं सगळं बाहेर. पायपुसण्याचा काय गुन्हा ते त्यांनी सांगितलं नाही. पहिल्यासारखी म्हणजे डुगडुगती का, असं मी विचारलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही. कधीकधी माझा आवाज मला वाचवतो.

डब्यातली वाटीभर पूड मी कागदात बांधली. बांधता बांधता घरातल्या एकेका डब्याकडे माझी नजर जायला लागली. मध्यमवर्गीय घरात पांढरी पूड किती असते, याचा आपण कधी विचार करत नाही. ड्रममध्ये टाकायची ब्लीचिंग पावडर, ह्यांच्या पानाचा चुना, ह्यांची टाल्कम पावडर, मुंग्यांचा खडू, माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, उपासाच्या दुसऱ्या दिवशी घ्यायचं पांढरं पित्ताचं औषध, आणि बोअरचं पाणी उकळून उकळून पातेल्याच्या बुडाला धरलेला तो पांढरा थर, जो कुणी आणला नाही तरी घरात आहे. सगळे एकमेकांसारखे. ह्यातल्या कुणाच्या डब्यात कोण बसलंय ते देवच जाणे. ब्लीचिंग पावडर मी हुंगून बघितली. ती मात्र ओळख लपवत नाही.

अन्नातली भेसळ पकडणारं एक कार्यालय रिक्षावाल्याला माहीत होतं. तिथल्या साहेबांनी पुडी उघडून बघितली आणि विचारलं, कोणतं पीठ आहे. मी म्हटलं, रांगोळी. मोठ्यानं बोला म्हणाले. मी माझ्या मोठ्यानं म्हटलं, रांगोळी.

"खाता का तुम्ही?"

"नाही."

"मंग कोण खातं?"

खोटं बोलायचं नाही हाही माझा एक नेम आहे, म्हणून मी जरा विचार करून सांगितलं की पूर्वी तांदळाच्या पिठाची असायची तेव्हा मुंग्या खायच्या. साहेबांनी पुडी बंद केली. मुंग्यांची तक्रार आमच्याकडं येत न्हाई ताई, वजनमापाच्या कार्यालयात बघा, म्हणाले.

वजनमापाचं कार्यालय दुसऱ्या टोकाला. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, वजन कमी भरलं का. मी म्हटलं, वजनाची काही तक्रार नाही. पिशवी फाटकी होती का? नाही. मग तक्रार काय? मी म्हटलं, पुसली जात नाही. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "माल टिकाऊ निघाला, अशी तक्रार इथं आजवर कोणी केली न्हाई." शेजारचं टेबल हसलं. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेला तो एकमेव मोठा आवाज.

ऊन डोक्यावर आलं होतं, जीभ टाळूला चिकटली होती. रिक्षावाला म्हणाला, मावशी, पाणी घ्या. त्याला मी काय सांगणार की आधी एका फरशीचा निकाल लागायचाय. सरळ राधेश्यामच्या दुकानात गेले.

राधेश्याम आमच्याच गल्लीतला, त्याच्या आजोबापासून दुकान. मी पुडी काउंटरवर ठेवली आणि एवढंच म्हटलं की हे तू विकलंस. तो हात जोडून म्हणाला, भाभी, गणपतीच्या राजूरपर्यंत माझ्या रांगोळीच्या गोण्या जातात, भेसळ करून मी कोणत्या तोंडानं तिथं जाऊ. मग त्यानं एक लिंबू कापलं. त्याच्या गोणीतली चिमूटभर रांगोळी कागदावर टाकून वर लिंबू पिळलं. ती बारीक फसफसली. ही दगडाची असल रांगोळी, म्हणाला. मग माझ्या पुडीतली चिमूट घेतली आणि पिळलं. काहीच झालं नाही. पूड नुसती ओली होऊन बसली, पाहुणी म्हणून आलेल्या रुसक्या मुलीसारखी.

मला वाटलं, आता हा फिरणार. पण राधेश्यामलाच माझ्याहून जास्त राग आला होता. दुसऱ्या कुणाचा तरी माल आपल्या नावावर फिरून राह्यलाय, असा त्याला संशय. त्यानं चहाची बशी घेतली, त्यात माझी पूड आणि पाणी कालवलं, आणि चमचा तसाच ठेवून आपल्या आजोबांच्या प्रामाणिकपणाची हकीकत सांगायला लागला. आजोबा, निजामाच्या राज्यातला त्यांचा व्यापार, मग वडील, असं करत तो स्वतःपर्यंत आला आणि चमचा घ्यायला गेला. चमच्याबरोबर बशी उचलली गेली. त्यानं बशी उलटी धरली. चमचा पडला नाही.

मग राधेश्यामच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या.

"भाभी, हा जमिनीचा माल न्हाई," तो वर बोट दाखवत म्हणाला, "हे भिंतीचं आहे. पीओपी. दुकानाची छत बराबर ह्याचीच केली मी."

भिंतीचं. हा शब्द आणि राधेश्यामनं दिलेली रांगोळीची नवी पुडी घेऊन मी घरी चालत आले आणि चालता चालता एकेक गोष्ट आपण होऊन रांगेत उभी राहायला लागली. आषाढातल्या संकष्टीला मी राजूरला गेले होते. परत आले तेव्हा ह्यांनी देवघराची खोली पुसून ठेवलेली होती. ह्यांनी. आपण होऊन. मी ते देवाच्या दर्शनाचं फळ मानलं होतं. त्याच दिवसापासून देवघरातलं कॅलेंडर हातभर खाली आलं होतं. तिथी बघायला मला वाकावं लागायचं, तेव्हा हे म्हणाले होते, तुझ्या डोळ्यांच्या सोयीसाठी खाली घेतलंय. आणि आज सकाळचा तो वेग, राधेश्यामला सोडू नकोस म्हणताना.

घरात शिरले ते थेट देवघरात. कॅलेंडर उचललं. मागे भिंतीला पोळीएवढं पांढरंशुभ्र ठिगळ, मोगऱ्यासारखं.

हे दारात उभे होते. मी काहीच बोलले नाही. मी बोलले नाही की ह्यांना जास्त ऐकू येतं. मग सगळं बाहेर आलं. बँकेच्या निरोप समारंभाचा शाल-श्रीफळाचा फोटो ह्यांना देवाशेजारी लावायचा होता. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून मी राजूरला जायची ह्यांनी वाट पाहिली. ड्रिल मशीन मागून आणलं, भोक पाडलं, भोकाबरोबर भिंतीचा गिलावा खाली आला. पीओपी आणून ठिगळ लावलं. उरलेली पूड टाकवली नाही. बँकेतली सवय, काही वाया घालवायचं नाही. पांढऱ्यात पांढरं ओळखू येणार नाही म्हणून राखीव डब्यातली रांगोळी रोजच्यात ओतून त्या मोकळ्या डब्यात भरली, आणि तो डबा दिवाळीपर्यंत निघणार नाही असा ह्यांचा हिशेब. फोटो पलंगाखाली होता.

"तू दिवसभर उपाशी राहशील असं वाटलं नव्हतं," एवढं मात्र ह्यांनी खाली बघून म्हटलं. ह्यांच्या मिशीला पोह्यातली मोहरी चिकटलेली होती. तेही मी बोलले नाही.

छिन्नी-हातोडा घेऊन हे बाहेर आले तेव्हा उन्हं जिन्याच्या खिडकीतून तिरपी व्हायला लागली होती. पहिला घाव घालतायत तोच रामराव आले. सामाईक जागेत तोडफोड करता येत न्हाई, म्हणाले. हे म्हणाले, तुम्हीच तर काढायला सांगितलं. रामराव म्हणाले, काढायला सांगितलं, तोडायला न्हाई. तोडायचं तर ठराव पाहिजे, ठरावाला सभा पाहिजे, सभेला आठवड्याची नोटीस. अतिक्रमण काढायला परवानगी नाही आणि ठेवायलाही नाही, अशा जागी आम्ही येऊन उभे राहिलो. गोजरबाई वरच्या कठड्यावरून सांगत होत्या की छिन्नी मारली की जे आत आहे ते बाहेर येईल. काय आत आहे ते कुणी विचारलं नाही. मला भोवळ आल्यासारखं झालं आणि मी तुळशीच्या कुंडीला धरून उंबऱ्यावर बसले.

तेवढ्यात ज्योत्स्ना शाळेतून आली, पाठोपाठ गाडी लावून संघपाल. तिनं सगळ्यांकडे बघितलं, फरशीकडे बघितलं आणि आधी माझ्याजवळ बसली. काय झालं ते हळू विचारलं. माझं बोलणं पूर्ण ऐकू येणारी आमच्या अपार्टमेंटमधली ती एकटीच आहे. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीचं ऐकायची सवय असावी.

"काकू, गंमत सांगू का," ती म्हणाली, "फरशी, रांगोळी, पीओपी, तुमची गुडघ्याची गोळी, सगळं एकाच घरचं. कॅल्शियम. ॲसिडनं फरशी खाल्ली अन् पीओपीला हात न्हाई लावला."

एकाच घरातली एकमेकांना अशी छळतात, हे मला काही नवीन नव्हतं. मी तिला म्हटलं, बाई, घर कुणाचंही असो, सूर्य बुडायच्या आत ही जागा कोरी झाली पाहिजे, नाहीतर माझं पाच वर्षांचं जातं. ती व्रतंबितं करत नाही. पण पाच वर्षांचं जातं म्हणजे काय, हे तिला परत सांगावं लागलं नाही. तिनं उठून त्या फरशीच्या कोपऱ्यावर पाय ठेवला. फरशी डुगडुगली. तिनं पुन्हा पाय ठेवला.

"रामरावकाका, ही फरशी तर सुटलेलीच आहे. तोडायची कशाला, उलथून टाका. पालथी करून बसवायला ठराव लागतो का?"

रामरावांनी बराच विचार केला. तोडणे, खोदणे, रंगवणे, ह्या सगळ्याला नियमात मनाई होती. पालथं करण्याबद्दल नियम गप्प होते. शिवाय फरशी सुटलेली का आहे, हा विषय लांबला तर तो कुणाकडे जाईल हेही त्यांना कळत होतं. ते म्हणाले, जल्दी करा मंग, पण सोसायटीकडून खर्चा मिळणार न्हाई.

संघपालनं घरातून पहार आणली. ह्यांनी कोपरा धरला. सगळं जमत आलं, आणि गोजरबाई कठड्यावरून म्हणाल्या, "अहो पण पालथी पावलं? गाईची पावलं पालथी घालून त्यावर चालणार? ह्याच्याहून अशुभ काय असतं?"

पहार थांबली. हे माझ्याकडे बघायला लागले, रामराव गोजरबाईंकडे. आणि खरं सांगते, हाच संशय माझ्याही मनात मघापासून होता. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? मी डोळे मिटले. माझ्या माहेरी कपिला नावाची गाय होती. ती डोळ्यांपुढे आली, अंगणात उभी असलेली, रवंथ करत. तिच्या पायांकडे मी बघितलं.

"गोजरबाई," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला जिन्यात वरपर्यंत जाताना ऐकू आला, "गाय उभी राहते तेव्हा तिचे खूर खालीच असतात."

संघपालनं पहार पुन्हा फटीत घातली. मी उठले, पदर खोचला आणि पहारीला हात लावला. आपल्या हातानं काढायची असतात ना, म्हणून.

फरशी उठली. खाली वाळू होती, ती मी माझ्या हातानं सपाट केली. फरशी उलटी होऊन खाली बसली आणि वर आली दुसरी बाजू, कोरी, निळसर राखाडी, नवीन पाटीसारखी. मी ती धुतली. तुळस जागेवर आणली. राधेश्यामची नवी पुडी उघडली, आधी लिंबू पिळून बघितलं, फसफसली, मग चिमूट घेतली. उन्हाची तिरीप कठड्यावरून सरकत वर चालली होती. उपाशी हाताची रेघ वाकडी जात होती, त्यामुळे त्या दिवशीच्या गाई जरा म्हाताऱ्या दिसत होत्या. पण शेवटचा खूर पुरा झाला, हळदकुंकू वाहिलं, तेव्हा भिंतीवर ऊन अजून होतं. ज्योत्स्नानं तांब्या पुढे केला. त्या पाण्याची चव मी काय सांगू. बोअरचंच होतं, जड, मचूळ. मी दुसरा तांब्या मागितला.

त्याला आता बरेच दिवस झाले. देवघरातलं कॅलेंडर मी जागेवर, वर, नेऊन टांगलं. ठिगळ उघडंच ठेवलंय. आरतीला हात जोडले की हे बराबर त्याच्यासमोर येतात. रांगोळीच्या डब्यात जे उरलं होतं ते मी टाकणार होते, तर परवा दुपारी गोजरबाई वाटी घेऊन खाली आल्या. त्यांनाही पुढच्या वर्षापासून गोपद्मं धरायची आहेत म्हणे. रोज रोज वाकणं होत न्हाई, एकदाच काढून ठेवली तर, असं त्या विचारत होत्या. डबा संपला म्हणून सांगितलं. खोटं बोलायचं नाही हा नेम आहे, म्हणून आधी आत जाऊन तो ठिगळाच्या कडांना लिंपून संपवला आणि मग सांगितलं.

आणि ती फरशी. ती आता डुगडुगत नाही. उंच राहिलेले ते खूर वाळूत असे घट्ट रुतले आहेत की वरून कुणी उडी मारली तरी हलत नाही. रामरावांनी महिन्याच्या सूचनेत लिहिलं की जिन्याजवळच्या फरशीची दुरुस्ती सोसायटीच्या वतीनं पूर्ण करण्यात आली. आज पावलं, उद्या गाय, असं तेच म्हणाले होते. ती आलेली आहे. चारी पाय रोवून आमच्या दाराशी उभी आहे, आणि रामराव रोज सकाळी तुळशीला वळसा घालून, गाईच्या पाठीवरून चालत, खाली दूध आणायला जातात.